ताप कधीपासून आहे?

तुमच्या हातात एक केसपेपर आहे. नाव, वय, गाव, व्यवसाय हे रकाने भरलेले आहेत. 'ताप सुरू झाल्याची तारीख' हा एकच रकाना कोरा आहे. वन हेल्थच्या, म्हणजे माणूस, पशू आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या मास्टर्सचं दुसरं सत्र चालू आहे. वर्गात एमबीबीएस झालेले आहेत, पशुवैद्यक आहेत, वनशास्त्र शिकून आलेले दोघं-तिघं आहेत. मॅडमनी सगळ्यांना एकच काम दिलंय: तारीख भरून आणा आणि तीच बरोबर का, ते तोंडी परीक्षेत पटवून द्या.

"किती मागं जायचं, मॅडम?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"जावं लागेल तितकं. प्रवासभत्ता मिळणार नाही."

वर्ग हसतो. तुम्हीही हसता आणि पाय टेकवता तो फरशीवर नाही, वाळक्या पाल्यावर.

मार्च १९५७, क्यासनूरचं जंगल

म्हैसूर राज्य, शिमोगा जिल्हा, सोरब तालुका. टेकड्यांवर दाट झाडी, मधल्या खोलगट पट्ट्यांत कापून झालेली भातखाचरं, कडेला सुपारीच्या बागा. भात झोडून झालंय, म्हणून गावातली माणसं लाकूडफाटा आणायला आणि गुरं चारायला रानात जातात. वाट पायाखालची आहे. तीन पिढ्या याच वाटेनं गेल्यात.

वास आधी येतो, मग वानर दिसतं. काळ्या तोंडाचं मोठं वानर करवंदीच्या जाळीखाली कुशीवर पडलंय. थोड्या अंतरावर आणखी एक. तुमच्याबरोबरचा दुभाष्या सांगतो की लोकांनी या दुखण्याला नावही ठेवलंय: मंगनकायिले, माकडांचा आजार.

गावात घरोघरी माणसं अंथरुणावर आहेत. दुखणं सगळ्यांचं सारखंच. ताप एकाएकी चढतो, डोकं फुटेल असं दुखतं, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. काही जण उठून बसतात, आठवडा-दोन आठवडे बरे असतात आणि पुन्हा तापानं पडतात. सुरुवातीला डॉक्टरांना हा टायफॉइड वाटला होता. त्यात वावगं काही नव्हतं. ते माणसं तपासत होते आणि माणसाच्या केसपेपरवर वानराला जागा नसते.

पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं मात्र वानरांची बातमी ऐकून धावत आलीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ साली हे केंद्र सुरू केलं. टेलफर्ड वर्क हे त्याचे संचालक, पेशानं डॉक्टर. हॅरॉल्ड ट्रॅपिडो प्राणिशास्त्रज्ञ, मूळचा अभ्यास बेडूक-सापांचा. त्यांच्या धास्तीला कारण आहे. दक्षिण अमेरिकेत रानातली माकडं मरायला लागली की मागोमाग माणसांत पीतज्वर येतो. पीतज्वर आशियात कधीच आलेला नाही. आला, तर तो पसरवणारे डास इथं मुबलक आहेत आणि माणसंही.

पालापाचोळा बाजूला करून जमिनीवर एक रबरी कापड अंथरलं जातं. तुम्हाला वानराचा पाय धरायला सांगतात. पोटाची कातडी सरळ रेषेत उघडते, यकृताचा आणि प्लीहेचा तुकडा निघतो, बाटलीत जातो, बाटली बर्फात जाते. सगळे आत बघत असताना तुमची नजर वानराच्या कानाकडे जाते. कानाच्या कडेला बारीक बारीक काहीतरी हलतंय. गोचीड. खसखशीच्या दाण्याएवढी पिल्लं, शेकड्यानं. शरीर थंड पडलं तसं रक्त आटलं आणि आता ती एक-एक करून कान सोडून पाल्यात उतरताहेत. या जाळीपाशी आठवडाभरात कुणी मोळी बांधायला बसलं, तर त्याच्या पोटऱ्यांना नवा धनी सापडला असंच ती समजतील.

शेजारच्या घरातला लाकूडतोड्या सांगतो, "पाच दिवस झाले ताप येऊन." तुम्ही तारीख लिहिता. मग हिशोब करता. गोचीड चावल्यापासून ताप यायला तीन ते आठ दिवस लागतात. म्हणजे तारीख आठवडाभर मागं. ते पिल्लू ज्या वानरावरून उतरलं, ते त्याच्याही आधी मेलं. तुम्ही लिहिलेली तारीख खोडता.

त्याच वर्षी, पुणे, मग भरतपूर

प्रयोगशाळेत स्पिरिटचा आणि उंदरांच्या पिंजऱ्यांचा वास भरून राहिलाय. वानराच्या अवयवांचा, माणसांच्या रक्ताचा आणि वाटलेल्या गोचिडांचा अर्क उंदरांच्या दूधपित्या पिल्लांना टोचला जातो. काही दिवसांत पिल्लं मान टाकतात. तिन्हीकडे विषाणू एकच निघतो. पीतज्वर नाही, हे कळल्यावर सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण तो श्वासही जपून घ्यायला हवा, कारण हा विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतल्या बऱ्याच जणांनाही पुढे लागण झाली.

खरा धक्का पुढे आहे. रशियाच्या जंगलांत वसंत-उन्हाळ्यात मेंदूज्वर होतो, गोचिडांतूनच, आणि हा नवा विषाणू त्याचाच नातेवाईक निघतो. सह्याद्रीत रशियाचा पाहुणा आला कसा? सगळ्यांचे डोळे आकाशाकडे वळतात. सैबेरियाकडून दर हिवाळ्यात लाखो पक्षी भारतात उतरतात. त्यांच्या पिसांत गोचीड असेल तर?

इथं सालिम अलींची जुनी इच्छा अवचित फळाला येते. स्थलांतरी पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा माग काढावा, हे त्यांच्या मनात कधीचं होतं. पैसे नव्हते. या तापाच्या निमित्तानं जागतिक आरोग्य संघटनेनं पैसे दिले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं काम सुरू झालं.

म्हणून आता तुम्ही साठच्या दशकातल्या भरतपूरच्या पाणथळीवर आहात. पहाटेचं धुकं आहे, हात गारठलेत. बिहारहून आलेले मीर शिकारी जाळ्यातून बदक असं सोडवतात की एक पीस मोडत नाही. पक्ष्याच्या पायात ॲल्युमिनियमची कडी बसते, वहीत नंबर चढतो, मानेजवळची पिसं फुंकून गोचीड शोधली जाते. तुम्ही केसपेपर काढता आणि तारखेच्या रकान्यात पेन्सिलनं लिहिता: सैबेरिया, मागचा उन्हाळा.

हे उत्तर भुरळ घालणारं आहे. आजार लांबून आला, परक्या देशातून, आपल्या हातात नसलेल्या वाटेनं आला, असं म्हटलं की गावातल्या कुणालाच काही बदलावं लागत नाही. पण पुढची कित्येक वर्षं कड्या घालूनही या पक्ष्यांनी तो विषाणू आणल्याचा पुरावा मिळाला नाही. आपल्या पक्ष्यांच्या वाटांविषयी मात्र या खटाटोपातून देशाला मोठं ज्ञान मिळालं. उत्तर चुकलं तरी प्रश्नानं काम केलं. तुम्ही सैबेरिया पुसून टाकता.

साठच्या दशकातला एक पावसाळा, सागर

शिमोग्याच्याच सागर गावी व्हायरस रिसर्च सेंटरचं क्षेत्रीय केंद्र आहे. पाऊस चार दिवस थांबलेला नाही. जुलैमध्ये इथं तापाचा एकही रुग्ण नाही. तापाचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो आणि पाऊस आला की संपतो. मग संशोधक भर पावसात जळवा उपटत रानात का हिंडताहेत?

होर्हे बोशेल कोलंबियाचे. तिथल्या पीतज्वराचा पाठलाग करताना त्यांनी लाकूडतोड्यांना झाड पाडताना पाहिलं होतं. झाड कोसळलं आणि शेंड्यावर राहणारे निळसर डास थेट माणसांभोवती आले. रान हलवलं की रानातलं दुखणं खाली येतं, हे डोळ्यांनी बघितलेला माणूस आता मलनाडच्या, म्हणजे या डोंगराळ मुलखाच्या, चिखलात उभा आहे आणि बघतोय वानराकडे नव्हे, तर गाईकडे.

गाय गावातलीच आहे. रोज सकाळी रानात जाते, संध्याकाळी गोठ्यात येते. गुराखी तिची पोळी वर करून दाखवतो. पोळीच्या घडीत पूर्ण वाढलेल्या, रक्त पिऊन टरटरलेल्या माद्या दाटीवाटीनं चिकटल्यात. हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा, याच तापाची मुख्य वाहक. एक मादी चिमट्यानं काढून तुमच्या तळहातावर ठेवतात. तिचे पाय हलतात, पण शरीर इतकं जड झालंय की ती जागची सरकत नाही. ती रानात गळून पडली असती तर पाल्याखाली हजारो अंडी घालून मेली असती.

आता वर्ष उलगडून बघा. पावसात माद्या गुरांचं रक्त पितात आणि अंडी घालतात. पाऊस ओसरला की अंड्यांतून सहा पायांचे जीव निघतात. ते उंदीर, चिचुंद्री, खार, माकड असल्या प्राण्यांवर चढतात, रक्त पितात, गळून पडतात, कात टाकतात. त्यातल्या एखाद्याच्या रक्तात विषाणू असेल तर तो आत घेऊनच मोठे होतात. डिसेंबर ते मार्च हेच जीव आठ पायांची भुकेली पिल्लं होऊन पाल्यावर वाट बघत बसतात. नेमक्या त्याच महिन्यांत शेतकाम संपलेलं असतं आणि माणूस रानात येतो. माणसाकडून विषाणू पुढं कुणाकडे जात नाही. त्याच्या बाजूनं ही वाट बंद आहे.

आणि गाय? गाईला ताप येत नाही. तिच्या रक्तात विषाणू म्हणण्यासारखा वाढत नाही. तिची तपासणी करणाऱ्या पशुवैद्याच्या वहीत 'प्रकृती उत्तम' असंच लिहिलं जाईल आणि ते खरं असेल. तरी पण तिच्यावाचून पुढची फौज उभी राहत नाही. रान तोडून भातखाचरं झाली, वस्ती वाढली, गुरं वाढली, गुरं रानात शिरली आणि गोचिडांना हवं तेवढं मोठं जनावर दाराशी मिळालं. बोशेल यांनी १९६९ मध्ये हीच मांडणी प्रसिद्ध केली. सैबेरियात शोधलेलं उत्तर गोठ्यात बांधलेलं होतं.

ऑक्टोबरात पुन्हा येता तेव्हा तुमच्या हाती काठीला बांधलेलं पांढरं फ्लॅनेलचं कापड देतात. ते पाल्यावरून ओढत दहा-बारा पावलं चालायचं, मग उलटायचं. पहिल्यांदा उलटता तेव्हा कापड स्वच्छ वाटतं. मग कापडाचा एक कोपरा सरकतो. बघता बघता पांढऱ्यावर करड्या ठिपक्यांची रांग चालू लागते. एकेक ठिपका चिमट्यानं उचलून कुपीत टाकायचा आणि मोजायचा. हंगामात किती माणसं आजारी पडण्याची शक्यता आहे, याचा अंदाज कुठल्याही दवाखान्याआधी या कापडाला येतो.

रकान्यात तुम्ही लिहिता: जून-जुलै. रुग्ण झोपायच्या सहा-सात महिने आधी.

१९८२, बेळतंगडी तालुका

दक्षिण कन्नड जिल्हा. पट्रमे भागातल्या सदाहरित रानात कुऱ्हाडी आणि करवती चालू आहेत. रान सपाट करून तिथं काजू लावायचा आहे. कचेरीच्या टेबलावर फाईल उघडी आहे: क्षेत्र, खर्च, रोपांची संख्या, मजुरी. कागद नेटका आहे, बेरीज बरोबर आहे. त्यात उंदीर नाहीत, वानरं नाहीत, पाला नाही.

त्याच हंगामात वानरं मरू लागली आणि मागोमाग माणसं पडली. १९८३ च्या त्या साथीत दीड हजारांहून अधिक जणांना लागण झाली. या आजारानं तोवर एवढा मोठा तडाखा कधी दिला नव्हता.

आता तारीख कुठली लिहायची? झाडं तोडली ती? की फाईलवर सही झाली ती? तुम्ही बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसता. वनशास्त्राचा कुठलाही पदवीधर त्या फाईलमध्ये चूक काढू शकला नसता आणि कुठल्याही डॉक्टरला ती फाईल बघायला मिळाली नसती.

फेब्रुवारी २०१६, केर

दोडामार्ग तालुका, सिंधुदुर्ग. भाषा आता समजते, म्हणून अवघडही जास्त जातं. आदल्या वर्षी पलीकडे गोव्यात, सत्तरीतल्या पाली गावात काजूच्या बागांत राबणाऱ्या लोकांना हाच ताप आला होता. या जानेवारीत तो इकडे आलाय. लोक त्याला माकडताप म्हणतात.

काजूचा हंगाम सुरू झालाय. पिवळे-लाल बोंडू गळून पाल्यात पडलेत. काजू असा वेचला जातो: खाली बसायचं, पाला हातानं चाळायचा, बोंडू उचलायचा, बी पिरगळून काढायची, टोपलीत टाकायची आणि बसल्या बसल्याच पुढं सरकायचं. दिवसचे दिवस. गोचिडाच्या पिल्लाला माणूस गाठायला याहून सोयीची बैठक नाही.

आरोग्य खात्याची माणसं गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचं डीएमपी तेल वाटताहेत. माकड मेलेलं सापडलं की कळवा, हात लावू नका, असं सांगताहेत. वन विभाग मेलेलं माकड जाळतो आणि आजूबाजूच्या पन्नास फुटांत मॅलॅथिऑनची भुकटी टाकली जाते. कर्नाटकात तयार झालेली लसही येते. दोन मात्रा महिन्याच्या अंतरानं, मग वर्धक. तिच्या परिणामाबद्दलच्या शंका वाढत गेल्या आणि पुढं ती बंद झाली.

एका अंगणात पन्नाशीची बाई पातेऱ्याचा भारा उतरवत्ये. हा वाळका पाला गोठ्यात गुरांखाली घालायचा, शेणात मळला की खत करायचं. तुम्ही वर्गात शिकलेलं सगळं तिला समजावून सांगता. पातेरा रानातून आणू नका, कारण त्याच्याबरोबर गोचीड घरात येते. गुरं रानात सोडू नका. ती शांतपणे ऐकून घेते, घाम पुसते.

"डॉक्टरांनू, पातेरो हाडू नको म्हणतास, तर गोठ्यात घालू काय? आणि गुरां खंय सोडू? तुमच्या हापिसात?"

ती हसते, रागावलेली नाही. पण तुम्हाला उत्तर सुचत नाही, कारण उत्तर औषधाच्या शाखेत नाही. ते चाऱ्याच्या भावात आहे, गायरानाच्या नोंदीत आहे, खताच्या किमतीत आहे. तिला विज्ञान कमी कळत नाही. रानातल्या कुठल्या बाजूला माकडं पडली, हे तिला कुठल्याही खात्याच्या आधी ठाऊक होतं. तिच्याकडे दुसरा पर्याय नाही एवढंच.

परीक्षा

समोर तिघे परीक्षक आहेत: एक फिजिशियन, एक पशुवैद्यक, एक वनाधिकारी. केसपेपरवरचा तो रकाना आता खोडाखोडीनं काळा झालाय. शेवटी लिहिलेलं आहे: जून.

"जूनमध्ये हा रुग्ण ठणठणीत होता," फिजिशियन म्हणतात.

"हो सर. म्हणूनच तेव्हा काही करता आलं असतं."

"माझ्या जनावरांना तर आजारच नाही," पशुवैद्यक म्हणतात. "मी कशावर उपचार करायचे?"

"तुमच्या जनावराच्या नव्हे, जानेवारीतल्या माणसाच्या आजारावर, सर."

"आणि फाईलवरच्या सहीची तारीख का नाही लिहिली?" वनाधिकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. तुम्ही सांगता की ती तारीख पुढच्या फाईलसाठी आहे. काजू लावण्याआधी ते कागद आरोग्य खात्याच्या टेबलावरून जायला हवेत. पण आज ज्या गावात काजू उभा आहे आणि गुरं चरताहेत, तिथं दरवर्षी हाताशी लागणारी सगळ्यात आधीची तारीख जूनची आहे.

मनुष्य, पशू आणि पर्यावरण यांचं आरोग्य एक आहे, हे वाक्य आता कुणाला पटवावं लागत नाही. बोशेल सागरच्या रानात भिजत होते, त्याच दशकात अमेरिकेत कॅल्विन श्वाबे हे पशुवैद्यक दोन्ही वैद्यकं एकत्र शिकवायचा आग्रह धरत होते. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या बैठकीत या विचाराची बारा तत्त्वं लिहिली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. तत्त्व मान्य झालं, इमारतीही उभ्या राहतील. अडतं ते हिशोबात. पावसाच्या तोंडावर गुरांना गोचीडनाशक लावण्याचा खर्च पशुसंवर्धन विभागाचा. ऑक्टोबरात कापड ओढायला माणूस लागतो तो कुणाचा, हे ठरलेलं नाही. माकड मेल्याची पहिली खबर वनरक्षकाकडे येते. आणि जानेवारीत रुग्ण कमी झाले तर श्रेय जातं आरोग्य खात्याला, कारण आकडा त्यांच्या तक्त्यात दिसतो. ज्यानं जूनमध्ये पैसे घातले त्याच्या तक्त्यात त्या वर्षी फक्त खर्च वाढलेला दिसतो. पुढच्या वर्षी तो खर्च कापला जातो आणि कापणारा अधिकारी नियमाप्रमाणेच वागलेला असतो.

या पदवीनं तुम्हाला तिघांचं काम येणार नाही. वानराचं शवविच्छेदन पशुवैद्यकच तुमच्यापेक्षा चांगलं करेल, ताप डॉक्टरच चांगला उतरवेल. तुमचं काम वेगळं आहे. एका खात्याचा जून आणि दुसऱ्या खात्याचा जानेवारी एका कागदावर आणायचे, त्या कागदावर चारा आणि पातेऱ्याचा खर्चही मांडायचा आणि केरच्या त्या बाईला खुर्ची देऊन तो कागद तिच्यासमोर वाचायचा.

"मग पहिली बैठक कधी घ्याल?" फिजिशियन विचारतात. "जूनमध्ये?"

"नाही सर, एप्रिलमध्ये. जूनमध्ये औषधाचं टेंडर निघालेलं नसतं."

तिघंही पहिल्यांदाच एकाच वेळी काहीतरी लिहून घेतात.